कॅप एका दिवसात, पण दात किती कापणार?

गेल्या अंकात दोन-चार ओळीत लिहिलं होतं की आता तोंडात छोटा कॅमेरा फिरवून दाताचं माप घेता येतं आणि क्लिनिकमधल्याच मशीनवर सिरॅमिकची कॅप कोरून त्याच दिवशी बसवता येते. त्यावर एवढे प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. बरेचसे प्रश्न "किती वेळ लागतो" याबद्दल आहेत, त्याचं उत्तर देतेच, पण मला स्वतःला या पद्धतीत वेळेपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते, ती चौथ्या प्रश्नात आलीये, तो प्रश्न मात्र नक्की वाचा.

प्रश्न: डॉक्टर, माझ्या आईच्या दाढेला कॅप बसवताना तीन चकरा झाल्या होत्या, मधल्या काळातली टेम्पररी कॅप दोनदा निघाली आणि तिचे हाल झाले. आता माझ्या दाढेला डॉक्टर म्हणतात सकाळी या, काम संपवूनच घरी जा. एवढ्या घाईचं काम कच्चं तर राहत नाही ना?

उत्तर: ही शंका अगदी रास्त आहे. आधी बघूया की जुन्या पद्धतीत त्या चकरांच्या मधले साधारण दोन आठवडे जायचे कुठे. जुन्या पद्धतीत ट्रेमध्ये पेस्ट भरून माप घ्यायचे, त्यात प्लास्टर ओतून मॉडेल करायचे, ते लॅबला जायचं, तिथे त्यावर मेण चढवून आकार द्यायचा, मग ओतकाम नाहीतर भट्टी, आणि परत क्लिनिकला. यातला बराचसा वेळ तुमची कॅप नंबर लागायची वाट बघत पडून असायची नाहीतर प्रवासात असायची, प्रत्यक्ष काम काही तासांचंच. तो पडून राहण्याचा वेळ आता गेला, कामातली पायरी गाळली असं नाहीये.

होतं असं: भूल दिली की किडलेला भाग आणि जुनं फिलिंग काढून दाताला आकार देतात, हिरडी किंचित बाजूला सारायला बारीक दोरा ठेवतात, मग खालचे दात, वरचे दात आणि दात मिटलेल्या अवस्थेतला चावा असं तिन्ही स्कॅन होतं. स्क्रीनवर दाताचं थ्री-डी मॉडेल उभं राहतं, त्यावर कॅपची कड कुठे संपणार ती रेघ डॉक्टर आखतात, सॉफ्टवेअर शेजारचे आणि समोरचे दात बघून आकार सुचवतं आणि डॉक्टर तो दुरुस्त करतात (इथे सॉफ्टवेअरवर सोडून चालत नाही, शेजारच्या दाताशी स्पर्श किती घट्ट हवा हे हाताखालून शेकडो दाढा गेल्यावरच कळतं). मग सिरॅमिकचा ठोकळा मशीनमध्ये लावला की हिऱ्याची कणी बसवलेले बर (कोरायची बारीक फिरती टोकं) पाण्याच्या फवाऱ्याखाली साधारण १० ते १५ मिनिटात कॅप कोरून देतात. बसवून बघणं, भट्टी, पॉलिश, चिकटवणं हे सगळं धरून दीड ते तीन तास लागतात. यातली जवळजवळ अर्धी वेळ तुम्ही तोंड मिटून आरामात बसलेले असता.

आणि ही गोष्ट कालपरवा आलेली नाही बरं का. फ्रान्समध्ये फ्रांस्वा दुरे यांनी प्रकाशाने दाताचं माप घ्यायची कल्पना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली होती, आणि स्वित्झर्लंडच्या झ्युरिक विद्यापीठात दंतवैद्य व्हेर्नर म्योरमान आणि इंजिनिअर मार्को ब्रांदेस्तिनी यांनी सेरेक नावाचं मशीन तयार करून सप्टेंबर १९८५ मध्ये पहिल्या पेशंटला खुर्चीशेजारीच कोरलेलं सिरॅमिक बसवलं. म्हणजे चाळीस वर्षं झाली. तेव्हा चित्र पकडायला दातावर पांढरी पावडर मारावी लागायची, आताच्या बहुतेक स्कॅनरना ती लागत नाही.

प्रश्न: माझी कॅप मशीनमधून निघाली तेव्हा चक्क जांभळट-निळी होती! मी घाबरलेच, असिस्टंट म्हणाली थांबा होईल नीट, आणि खरंच नंतर दातासारखी झाली. रंग मारला का वरून? तो निघून जाईल का?

उत्तर: रंग मारलेला नाही, काळजी करू नका. तुमची कॅप लिथियम डायसिलिकेट नावाच्या काच-सिरॅमिकची आहे. हा ठोकळा मुद्दाम अर्धवट पक्क्या अवस्थेत देतात, कारण पूर्ण पक्का झाला तर तो कोरताना बर झिजतील, वेळही फार जाईल आणि कडांचे टवके उडतील. त्या अर्धवट अवस्थेत त्याचा रंग निळा-जांभळा असतो. कोरून झालं की छोट्या भट्टीत साधारण ८४० ते ८५० अंश सेल्सिअसला तापवतात, तेव्हा आतले स्फटिक बदलतात आणि वाढून एकमेकात अडकतात, रंग दातासारखा होतो आणि ताकद आधीच्या दुपटीहून जास्त होते. म्हणजे तो रंग आतूनच बदललाय, घासून जाणार नाही. वरून गरजेप्रमाणे थोडी छटा आणि चकाकी देतात, ती मात्र वर्षानुवर्षं चावून थोडी कमी होऊ शकते, त्याने कॅपचं काही बिघडत नाही.

झिरकोनिया हे कॅपचं दुसरं सिरॅमिक, त्याचं याहून वेगळं, तो खडूसारख्या मऊ अवस्थेत कोरतात आणि भट्टीत तो आक्रसतो, म्हणून मशीन कॅप मुद्दाम २० ते २५ टक्के मोठी कोरतं आणि ती भट्टीतून बरोब्बर मापाची होऊन येते. मला आजही हे दर वेळी बघायला आवडतं.

प्रश्न: ओळखीतले सगळे म्हणतात झिरकोनियाच घे, सगळ्यात स्ट्राँग तेच. आमचे डॉक्टर दुसरंच काहीतरी सुचवतायत. कोणाचं ऐकू?

उत्तर: आकडे बघितले तर ओळखीतल्यांचं चूक नाहीये. वाकवून तोडायच्या चाचणीत जुनं साधं फेल्डस्पारवालं सिरॅमिक साधारण १५० मेगापास्कलला (हे ताण मोजायचं एकक) तुटतं, भट्टीतून काढलेलं लिथियम डायसिलिकेट ३६० च्या पुढे जातं आणि सगळ्यात मजबूत झिरकोनिया १००० च्याही वर. पण ही चाचणी टेबलावर ठेवलेल्या पट्टीची असते, दातावर चिकटलेल्या तुकड्याची नव्हे. काच-सिरॅमिकची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक ॲसिडने काही सेकंद खरवडली की त्यात सूक्ष्म खाचा पडतात, त्यावर सायलेन हे सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं रसायन लावतात, दातालाही वेगळं ॲसिड आणि बाँड (चिकटवणारा द्रव) लावतात आणि रेझिन सिमेंटने दोन्ही एकजीव होतात, मग चावण्याचा जोर खालचा दातही वाटून घेतो. त्यामुळे जे सिरॅमिक हातात तुटेल ते दातावर वर्षानुवर्षं टिकतं. झिरकोनियात काच नसल्यामुळे त्याच्यावर त्या ॲसिडचा उपयोग होत नाही, त्याला आतून बारीक कणांचा मारा करून खास प्रायमर लावावा लागतो.

म्हणून विचार असा करायचा की पकडीला दात किती उरलाय. दात खूप आखूड आहे, कोरडा ठेवणं कठीण आहे, रात्री दात खायची सवय आहे, सगळ्यात मागची दाढ आहे, तर मीही झिरकोनियाकडे वळते. इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) बऱ्यापैकी शिल्लक आहे आणि एखादाच कोपरा गेलाय तर काच-सिरॅमिक चिकटवणं मला बरं वाटतं. समोरचा दात झिरकोनियाने झिजतो ही भीतीही बरेच जण लिहितात. नीट पॉलिश केलेला झिरकोनिया गुळगुळीत असतो आणि समोरच्या इनॅमलला फारसा त्रास देत नाही, खरबरीत राहिला तर मात्र कानसच. म्हणजे चावा उंच लागतो म्हणून डॉक्टरांनी बसवल्यावर वरून घासला असेल तर परत पॉलिश केलाय ना एवढं विचारा.

प्रश्न: माझ्या खालच्या दाढेची आतल्या बाजूची एकच भिंत मोडलीये, बाकी दाढ ठणठणीत, दुखतही नाही. एका ठिकाणी सांगितलं की चारही बाजूंनी घासून लहान करू आणि पूर्ण कॅप घालू. चांगला दात का घासायचा? हे मला पटतच नाहीये.

उत्तर: तुम्हाला पटत नाहीये ते बरंच आहे, कारण या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे.

जुन्या कॅपचं तत्त्व टोपीचं. दाताचा खुंट करायचा, वर टोपी घालायची, खुंटाच्या भिंतींच्या पकडीवर ती टिकते, सिमेंट फक्त फट भरतं. खुंट करायचा म्हणजे चारही बाजूंनी कापणं आलं, मग ती बाजू चांगली असो की वाईट. २००२ मध्ये एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी हे वजन करून दाखवलं, दाढांना पूर्ण कॅपसाठी तयार करताना हिरडीच्या वरच्या भागातला सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश दात कापला जातो. विचार करा, एक भिंत मोडली म्हणून उरलेल्या तीन चांगल्या भिंतींचं इनॅमल घालवायचं, आणि इनॅमल पुन्हा येत नाही. शिवाय जितकं खोल कापाल तितकी आतली नस जवळ येते, त्यातल्या काही दातांना पुढे कधीतरी रूट कॅनॉल करायची पाळी येते.

चिकटवायच्या सिरॅमिकला टोपी व्हायची गरजच नाही. मोडलेला कोपरा आणि त्याच्या जवळचा कमकुवत भाग एवढंच झाकणारा तुकडा बसवता येतो, त्याला ऑनले म्हणतात. चावण्याच्या बाजूला साधारण दीड मिलिमीटर जाडी मिळाली पाहिजे आणि कोपरे गोलसर हवेत (मशीनचा बर जेवढा जाड त्याहून बारीक कोपरा त्याला आतून कोरता येत नाही, शिवाय टोकदार कोपऱ्यातूनच सिरॅमिकला तडा जातो), बाकी चांगली भिंत जशीच्या तशी राहू दे.

आता तुम्ही विचाराल की ऑनले लॅबमधूनही करून घेता येतो, मग त्याच दिवशीच्या मशीनचा काय संबंध. आहे, आणि तो मला उशिरा कळला. दोन भेटींच्या पद्धतीत मधल्या काळात टेम्पररी लावावी लागते. पूर्ण खुंटावर टेम्पररी टोपी बऱ्यापैकी टिकते, पण ऑनलेच्या उथळ बशीसारख्या आकारावर ती टिकतच नाही, निसटते, दात उघडा पडून शिवशिवतो, मधल्या काळात कोपरा मोडतो. मग डॉक्टरांचा हात नकळत पूर्ण कॅपकडे जायचा. माझाही जायचा, आणि कितीतरी दाढा मी आज कापल्या नसत्या इतक्या तेव्हा कापल्यात, त्याचं मला वाईट वाटतं. त्याच दिवशी पक्का तुकडा बसणार म्हटलं की टेम्पररीचा प्रश्नच उरत नाही, जेवढं मोडलंय तेवढंच करायची मोकळीक मिळते. ताज्या कापलेल्या दाताला टेम्पररी सिमेंटही लागत नाही, त्यामुळे बाँडही स्वच्छ बसतो. एकच भूल लागते ते वेगळं.

पण नीट ऐका, मशीन आहे म्हणून दात आपोआप वाचत नाही. त्याच मशीनवर पूर्ण कॅपही तेवढीच झटपट होते आणि खरं सांगायचं तर पूर्ण कॅपची डिझाइन करायला सोपी जाते. म्हणून "एका दिवसात होईल का" याच्या आधी "माझा किती दात कापणार आणि का" हे विचारा. भिंतीत खोल तडा असेल, उरलेल्या भिंती पातळ असतील, रूट कॅनॉल होऊन दाढ पोकळ झाली असेल तर डॉक्टर जास्त झाकायला सांगतील आणि ते बरोबरच असेल. कारण सांगता आलं पाहिजे एवढंच. तुमच्या वर्णनावरून तरी मला ऑनलेचा विचार नक्की करावासा वाटतो, पण दात न बघता मी यापुढे जाणार नाही, एक्स-रे आणि फोटो घेऊन दुसरं मत घ्या.

प्रश्न: स्कॅनरमध्ये एक्स-रे असतात का? मी गरोदर आहे. आणि मापाच्या पेस्टने मला उलटीची भावना होते, त्याला यात आराम मिळेल का?

उत्तर: नाही, स्कॅनर प्रकाशावर चालतो, भराभर चित्रं घेऊन ती जोडतो, त्यात एक्स-रे नसतात. घशाकडे वाहणारी पेस्ट नाही, ट्रे नाही, उबळ आली की कॅमेरा बाहेर काढून परत तिथूनच पुढे चालू करता येतं, त्यामुळे बहुतेकांना खूप बरं वाटतं. फक्त कॅमेऱ्याचं टोक अजूनही अंगठ्याएवढं असतं, शेवटच्या दाढेपाशी ते थोडं टोचतं. गरोदर आहात हे कामाआधी सांगा, आणि लांब बैठक झेपणार नसेल तर मध्ये उठून फिरायला मिळेल का ते आधीच ठरवून घ्या.

प्रश्न: क्लिनिकमध्ये मशीन असूनही डॉक्टरांनी माझं काम त्याच दिवशी करायला नकार दिला, म्हणाले हिरडीच्या खाली कीड आहे, रक्त येतंय, पुढच्या आठवड्यात या. मग मशीन असून उपयोग काय?

उत्तर: त्यांना माझ्या वतीने धन्यवाद सांगा.

कॅमेऱ्याला जे दिसतं तेच तो टिपतो. दाताची कड रक्ताखाली किंवा लाळेखाली असेल तर स्क्रीनवर कड दिसते खरी, पण ती रक्ताची कड असते, दाताची नाही, आणि मशीन इमानेइतबारे त्या चुकीच्या रेषेवर कॅप कोरून देतं. जुन्या काळापासून दंतवैद्य कॅप आणि दात यातली फट १२० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असावी असं मानत आलेत, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा फार जास्त नाही. चांगल्या स्कॅनवर हे सहज जमतं, रक्ताळलेल्यावर नाही. चिकटवतानाही तेच, ओल्या दातावर बाँड बसत नाही.

मी हे स्वतःच्या चुकीतून शिकलेय. सुरुवातीच्या काळात एका पेशंटला दुसऱ्या दिवशी प्रवासाला निघायचं होतं, हिरडी सुजलेली होती, रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा) बसत नव्हता, तरी मी कापूस लावून उरकलं कारण "एका दिवसात" असं कबूल करून बसले होते. तीन आठवड्यांनी त्या तो तुकडा कागदात गुंडाळून घेऊन आल्या. सिरॅमिकला काहीही झालेलं नव्हतं, माझ्या बाँडखाली ओल होती. तेव्हापासून हिरडी ठीक नसेल तर मी सरळ सांगते, आज नाही. आठवडाभरात हिरडी बसली की तेच मशीन तेच काम उत्तम करतं.

अजूनही काही कामं आहेत जी मी त्याच दिवशी करत नाही. पुढचा एकच दात शेजारच्या दाताशी हुबेहूब जुळवायचा असेल तर कुशल टेक्निशियनने थरावर थर चढवलेलं सिरॅमिक एकाच ठोकळ्यातून कोरलेल्यापेक्षा सरस दिसतं. बरेच दात एकदम करून अख्खा चावा बदलायचा असेल तर आधी टेम्पररीवर काही आठवडे चावून बघणंच शहाणपणाचं. लांब ब्रिजचंही (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेले सलग कृत्रिम दात) तसंच.

प्रश्न: कॅप बसून चार दिवस झाले, दात मिटले की आधी तीच लागते, थंड पाण्याने सणक जाते. सवय होईल म्हणून थांबू का?

उत्तर: थंडाची सणक हळूहळू कमी होत असेल तर काही दिवस वाट बघायला हरकत नाही, ताज्या कापलेल्या जिवंत दाताला एवढा राग येतोच. पण आधी तीच लागते ही सवयीची गोष्ट नाही, उद्याच जा. भूल दिलेली असताना चावा नीट कळत नाही, त्यामुळे पाच मिनिटांची दुरुस्ती लागणं अगदी नेहमीचं आहे, त्यात संकोच कसला. तशीच ठेवली तर दात ठणकायला लागेल नाहीतर सिरॅमिकला तडा जाईल. रात्री आपोआप ठणका लागतो, गरमाने वाढतो, सूज वाटते असं काही असेल तर नस बिघडतेय का ते बघावं लागेल, मग तर थांबूच नका. आणि झोपेत दात खात असाल तर नाइट गार्ड (रात्री दातांवर घालायचं कव्हर) करून घ्या.

प्रश्न: शेवटी टिकते किती वर्षं?

उत्तर: झ्युरिकच्या त्या पहिल्या पिढीच्या मशीनवर १९८९ ते १९९१ या काळात एकाच दवाखान्यात बसवलेल्या इनले-ऑनलेंचा (इनले म्हणजे ऑनलेहून छोटा, दाताच्या खड्ड्यात बसणारा तुकडा) पाठपुरावा करून २००८ मध्ये निष्कर्ष छापले गेले, १७ वर्षांपर्यंत सुमारे ८९ टक्के टिकले होते. तेव्हाचं मशीन आजच्या मानाने ओबडधोबड, ठोकळाही कमी ताकदीचा, पण चिकटवणारा हात काळजीचा होता. जे निकामी झाले त्यात सिरॅमिक तुटणं हे मोठं कारण होतं. माझ्याकडे मात्र परत येणाऱ्यांत बरेच जण कडेला नव्याने लागलेली कीड घेऊन येतात, कारण कॅप किडत नाही, तिच्या कडेचा दात किडतो. तेव्हा ब्रश करताना कॅप आणि हिरडी जिथे भेटते ती रेघ घासा, दोन दातांमध्ये रोज फ्लॉस घाला, आणि सहा महिन्यांनी तपासायला गेलात की डॉक्टरांना तुमचं जुनं स्कॅन उघडायला सांगा, नवीन स्कॅन त्यावर ठेवलं की दात कुठे झिजतोय, हिरडी कुठे सरकतेय ते तुम्हाला स्वतःलाच स्क्रीनवर दिसेल.